करपलेला टोप : एनॅमलची भांडी घासण्याविषयी थोडेसे

वार्षिकांकासाठी लेख मागवल्याची सूचना फलकावर लागली, तेव्हा माझ्या मित्रांनी कविता, प्रवासवर्णन, विनोदी कथा असे नेहमीचे विषय पटापट वाटून घेतले. माझ्या वाट्याला काही उरले नाही. मग ज्या विषयात गेल्या वर्षभरात मी खरोखरीच काही शिकलो, त्यावरच लिहायचे ठरवले. तो विषय म्हणजे करपलेले भांडे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने, त्यातून मुलग्याने, भांडी घासण्यावर लेख लिहावा याचे काहींना हसू येईल. येऊ द्यावे. आपण सगळेच दोन वेळा जेवतो, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी भांडी घासणारी व्यक्ती आपण नसतो. एवढ्याचसाठी तरी हा विषय अगदीच त्याज्य नाही.

आमचे घर खालापूर तालुक्यात. रोज सकाळी लौजीला लोकल धरायची आणि डोळवली, केळवली, पळसदरी करीत कर्जत गाठायचे, हा माझा नेम. घरी आई, वडील, मी आणि आजी. आजोबा मुंबईला कापड गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. महिने गेले, वर्ष गेले, आजोबांना पुन्हा काम काही मिळाले नाही. शेवटी त्यांनी बिऱ्हाड मोडले आणि ते गावी परतले. खोलीतले सगळे सामान एका ट्रंकेत आणि एका गाठोड्यात मावले. त्या गाठोड्यात दोन एनॅमलचे टोप होते. पांढरेशुभ्र, काठाला निळी कड, एक मोठा आणि एक धाकटा. मोठ्यात दूध तापायचे, धाकट्यात ताक ठेवायचे. आजोबा गेले, घराची कौले जाऊन पत्रे आले, चुलीशेजारी गॅसची शेगडी आली, पण टोप तेच राहिले.

त्यातला मोठा टोप मी घालवला. मी तेव्हा अकरावीत होतो. दूध गॅसवर ठेवून मी मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत बसलो. करपल्याचा वास आला तेव्हा उठलो, टोप चिमट्यात धरला आणि तसाच नळाखाली नेला. चर्र असा आवाज झाला आणि पाठोपाठ काहीतरी टक् करून वाजले. मी तिकडे लक्ष दिले नाही. आजी पितळेची भांडी जशी घासते तशी भाताच्या तुसाची राख आणि चिंच घेतली, ती पुरेना म्हणून तारेची घासणी घेतली, आणि तासभर जीव तोडून घासले. करप निघाली. तिच्याबरोबर टोपाची चकाकीही निघाली, आणि बुडाशी जुन्या आठ आण्याच्या नाण्याएवढा टवका उडालेला दिसला. आतले लोखंड काळेभोर. आठवड्यात त्यावर गंज चढला. आजी एवढेच म्हणाली, “भांडेच ते, कधीतरी जायचेच.” आता त्यात कोंबड्यांना पाणी असते.

या मार्गशीर्षात पडवीतून लाकडे काढताना मला भाऱ्याच्या मागे दडवलेला धाकटा टोप सापडला. आत तांदळाची खीर बोटभर जाड करपून दगड झाली होती. आजीला अलीकडे विसर पडतो. तिने खीर ठेवली असणार आणि ती विसरली असणार. घरात कोणाला कळू नये म्हणून तिने टोप, नापास झालेल्या मुलाने प्रगतिपुस्तक लपवावे तसा, लाकडांमागे लपवला होता. मी तो उचलला, कोणाला काही बोललो नाही, आणि या खेपेला आधी विचारायचे आणि मग घासायचे असे ठरवले. विज्ञान शाखेतल्या एका मित्राला विचारले, रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरांना विचारले, ग्रंथालयात बसलो. जे कळले ते पुढे देत आहे.

एनॅमल म्हणजे काय?

पुष्कळांचा समज असतो की एनॅमल हा एक रंग आहे. तो रंग नव्हे, ती काच आहे. वाळूतली सिलिका, टाकणखार, फेल्स्पार, सोडा अशी द्रव्ये एकत्र वितळवून काच करतात. ती काच पाण्यात ओतून तिचे बारीक तुकडे करतात, दळतात, पाण्यात कालवून लोखंडी पत्र्याच्या भांड्यावर तिचा लेप देतात, आणि वाळल्यावर ते भांडे साधारण ८०० ते ८५० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत घालतात. तिथे लेप वितळून पत्र्याला घट्ट धरतो. पहिला लेप गडद असतो. त्यात कोबाल्टसारख्या धातूची भस्मे घालतात, त्यामुळे काचेची लोखंडाशी पकड बसते. त्यावर पांढरा लेप. दोन्ही मिळून जाडी साधारण पाव मिलिमीटरच्या आसपास. जयपूरच्या मीनाकारीत सोन्याचांदीवर जे करतात, तेच इथे लोखंडावर केलेले असते. रस्त्यांची नावे आणि घरांचे क्रमांक लिहिलेल्या जुन्या निळ्या-पांढऱ्या पाट्या आपण पाहिल्या असतील. त्याही याच जातीच्या. पावसात पन्नास वर्षे भिजूनही अक्षरे टिकतात, कारण ती काचेत लिहिलेली असतात.

आपल्याकडे या भांड्यांना घरात जागा मिळाली ती आंबट पदार्थांमुळे. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते. त्यासाठी पितळेला कल्हई लागते. कल्हईवाला भांडे तापवायचा, नवसागर टाकायचा आणि कथलाचा हात फिरवायचा. कथील २३२ अंशांनाच वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये असे जुन्या बायका सांगत. एनॅमलला कल्हई नको आणि ताक, सार, कैरी यांचे भयही फारसे नाही. शिवाय भांडे हलके आणि स्वस्त. गिरणी कामगाराच्या खोलीत ते दिसावे यात नवल नाही.

पण काच ती काच. तिचे दोन स्वभाव ध्यानात ठेवावे लागतात. पहिला स्वभाव म्हणजे तिला दाब सोसतो, ताण सोसत नाही. कारखान्यात भांडे थंड होताना लोखंड काचेपेक्षा किंचित अधिक आकसते, त्यामुळे वरची काच कायम थोडीशी दाबलेली राहते. हेच तिचे बळ. तापलेल्या भांड्यावर एकाएकी गार पाणी पडले की वरची काच आधी आकसू पाहते आणि खालचे लोखंड अजून फुगलेलेच असते. काचेवर ताण येतो आणि ती तडकते. पूर्वी घरोघरी ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील असे. त्याच्या तापलेल्या काचेवर पावसाचा एक थेंब पडला तरी ती तडकायची, हे आपल्या आजीआजोबांनी पाहिलेले आहे. माझ्या टोपाचा टक् असा आवाज हा त्याच जातीचा होता. म्हणजे मी घासायला बसण्याआधीच टोपाला इजा झालेली होती.

दुसरा स्वभाव काठिण्याचा. मोहस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने खनिजांचे काठिण्य मोजण्यासाठी एक ते दहा अशी पट्टी लावून दिली आहे. त्यात शंखजिरे एक, हिरा दहा. काच साधारण साडेपाच ते सहाच्या दरम्यान येते, आणि वाळूतले गारेचे कण सात. अधिक कठीण वस्तू कमी कठीण वस्तूवर ओरखडे काढते. म्हणजे वाळूने एनॅमल घासणे आणि खिडकीची काच पाषाणावर घासणे यात फरक नाही. एकेक ओरखडा डोळ्याला दिसत नाही. पण हजारो ओरखडे मिळून चकाकी जाते, आणि त्या खरबरीत जागेवर पुढचा पदार्थ आणखी घट्ट चिकटतो. अति घासलेले भांडे पुन्हा पुन्हा करपते ते यामुळेच.

तुसाची राख

इथे आपल्या कर्जत-खालापूरच्या भागाची एक खास गोष्ट सांगितली पाहिजे. आपला मुलूख भाताचा. कर्जतला भात संशोधन केंद्र आहे आणि ‘कर्जत-१८४’, ‘कर्जत-३’ अशा भाताच्या जातींना आपल्या गावाचे नाव मिळालेले आहे. जिथे भात तिथे गिरण, आणि जिथे गिरण तिथे तूस. तुसाची राख आपल्याकडे दात घासायला वापरत आले, भांडीही घासत आले. या राखेत साधारण ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. भाताचे रोप जमिनीतून सिलिका शोषून तुसात साठवते आणि तूस जळाले की तीच मागे उरते. म्हणजे तुसाची राख ही बहुतांशी अत्यंत बारीक वाळूच समजावी. पितळेवर ती उत्तम काम करते. चिंचेतले आम्ल पितळेवरचा काळा थर विरघळवते, राख तो पुसून काढते, आणि धातूचा एखादा पातळ थर गेला तरी खाली पुन्हा पितळच असते. एनॅमलखाली एनॅमल नसते. पाव मिलिमीटर संपले की लोखंड. आजीची रीत चुकीची नव्हती. मी ती भलत्या भांड्याला लावली.

लाकडाच्या राखेची गोष्ट थोडी निराळी. तिच्यात खर असते तसा क्षारही असतो, मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट. तो पाण्यात उतरतो. लाकडाची राख पाण्यात कालवून रात्रभर ठेवली आणि सकाळी वरचे निवळ पाणी कपड्यातून गाळून घेतले, तर क्षार मिळतो आणि खर तळाशी राहते. सोडा हाताशी नसेल तर हे पाणी चालते. मात्र ते हाताला झोंबते, डोळ्यांत जाऊ देऊ नये.

करपते म्हणजे काय होते?

पहिला प्रश्न असा की एनॅमलचे भांडे इतक्या लवकर का करपते? पत्रा पातळ आणि लोखंडाचा. ॲल्युमिनियम लोखंडाच्या तीन-चार पट चांगली उष्णता वाहून नेते, तांबे त्याहून अधिक. लोखंडी पत्र्यात ज्योत लागते तिथेच तापते, आजूबाजूला उष्णता लवकर पसरत नाही. म्हणून बुडाशी ज्योतीच्या आकाराचेच कडे करपलेले दिसते.

पदार्थात पाणी मोकळे खेळत असते तोवर बुडाचे तापमान शंभर अंशांच्या फारसे पुढे जात नाही. पण पीठ किंवा दुधाची साय बुडाला बसली की त्या थराखाली पाणी पोचत नाही, आणि तापमान झपाट्याने चढते. दुधातली प्रथिने व दुग्धशर्करा यांचा संयोग होऊन आधी तांबूस रंग येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मेयार याने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले. आपल्या खरवडीची चव आणि भाकरीवरच्या डागांचा खमंगपणा यातूनच येतो. तिथे थांबले तर खमंग. पुढे गेले की पाणी उडून जाते आणि उरतो तो कोळसा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कोळसा स्वयंपाकघरातल्या कशातही विरघळत नाही. सोड्यात नाही, लिंबात नाही, साबणात नाही. पण करपलेला थर सगळाच कोळसा नसतो. वरची बाजू किंवा अगदी तळ जळालेला असतो, मध्ये अर्धवट जळालेले पीठ, प्रथिने व स्निग्धांश असतात, आणि तेच सरसासारखे कोळशाला भांड्याशी चिकटवून धरतात. हा सरस पाण्याने फुगतो आणि क्षाराने सुटतो. क्षारामुळे तेलाचा साबण होतो, प्रथिने तुटतात. सरस सुटला की कोळसा आपोआप पोपड्यासारखा उचलून येतो. म्हणजे करप घासून काढायची नसते, तिची पकड सोडवायची असते. हे एकदा समजले की पुढची सगळी कृती समजते, आणि तारेच्या घासणीची गरजच उरत नाही.

प्रत्यक्ष कृती

मी धाकट्या टोपाला तीन संध्याकाळी दिल्या. क्रम असा.

पहिल्या दिवशी टोप पूर्ण थंड असल्याची खात्री केली. (आपले भांडे नुकतेच करपले असेल तर ते खाली उतरवून लाकडी पाटावर ठेवावे आणि तासभर त्याच्या वाटेला जाऊ नये. धुराने घाबरून पाणी ओतू नये.) सुटे जेवढे निघेल तेवढे लाकडी कालथ्याने काढले. सुरी, उलथने, चमच्याची कड यांना मनाई. मग कोमट पाणी करपलेल्या रेषेच्या वर येईल इतके भरले, त्यात भांडी घासण्याचा थोडा साबण घातला आणि रात्रभर ठेवले. भाताचे पीठ पाणी पिऊन फुगते. सकाळी दगड होता त्याचा चिखल झालेला होता. अर्धी खीर त्यातच गेली.

दुसऱ्या दिवशी टोपात एक लिटर गार पाणी घेऊन दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घातला आणि मंद आंचेवर ठेवला. सोडा आधी घालावा. उकळत्या पाण्यात टाकल्यास फेस उतू जातो. उकळी आल्यावर पंधरा मिनिटे बारीक उकळू दिले. खाण्याचा सोडा तापला की त्यातून कर्बद्विप्राणिद वायू निघून जातो आणि त्याचा हळूहळू धुण्याचा सोडा बनतो. तो क्षार म्हणून अधिक जोरकस. म्हणूनच सोडा उकळण्यात अर्थ आहे, नुसता भुरभुरण्यात तेवढा नाही. मग गॅस बंद करून पाणी टोपातच निवू दिले. निवल्यावर लाकडी कालथ्याने हलकेच ढकलले तर भाकरीच्या पापुद्र्यासारखा एक मोठा काळा पोपडा उचलून आला. त्या क्षणी झालेला आनंद मला परीक्षेच्या निकालानेही झालेला नाही. उरलेले वाळवलेल्या घोसाळ्याच्या जाळीने घासले. घोसाळे नसेल तर नारळाचा काथ्या किंवा मऊ स्पंज चालतो. हे तिन्ही काचेहून मऊ आहेत.

तिसऱ्या दिवशी जे डाग राहिले होते त्यांवर सोड्यात चार थेंब पाणी घालून केलेली लापशी थापली, वर ओले फडके घातले आणि रात्रभर ठेवले. सोड्याचे कण काचेहून पुष्कळ मऊ, त्यामुळे सकाळी त्याच लापशीने घासले तरी ओरखडे पडत नाहीत. धुतले. टोप पांढरा झाला होता. बुडाशी फिकट चहाच्या रंगाची एक सावली तेवढी राहिली.

करप तेलामसाल्याची असेल आणि खाण्याच्या सोड्याला दाद देत नसेल, तर एका लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घेऊन दहा मिनिटे उकळावे. हातात रबरी मोजे घालावेत. तास न् तास मात्र उकळू नये, कारण जोरकस क्षार काचेलाही सावकाश खातो. आणि हाच प्रयोग ॲल्युमिनियमच्या पातेल्यात करू नये. तिथे सोडा धातूलाच खातो आणि भांडे काळे पडते.

विंधणविहिरीच्या जड पाण्याचा किंवा दुधातल्या चुन्याचा पांढरट थर असेल, तर त्याला क्षार चालत नाही, आम्ल लागते. सोडा पूर्ण धुऊन टाकावा, पाण्यात थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून दहा मिनिटे ठेवावे आणि लगेच धुवावे. रात्रभर ठेवू नये. एनॅमल ताकाला भीत नसले तरी तीव्र आम्ल फार वेळ राहिले की त्याची चकाकी मंदावते. सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकले की खूप फसफसते आणि काहीतरी मोठे घडते आहे असे वाटते. प्रत्यक्षात दोघे एकमेकांना मारून टाकतात आणि मागे बहुतांशी मीठवजा पाणी उरते. दोन्ही वापरायचे तर एकामागून एक वापरावे.

चुलीवरच्या टोपाला बाहेरून काजळी धरते. पावसाळ्यात लाकडे ओली असतात तेव्हा तर फारच. त्यावर आपल्या घरची जुनी युक्ती उत्तम आहे. भांडे चुलीवर चढवण्याआधी बाहेरून बुडाला ओली माती किंवा साबणाचा हात फिरवायचा. काजळी त्या लेपावर बसते आणि पाण्याने लेपासकट निघून जाते. एनॅमलला साबणच बरा. माती लावलीच तर ती गाळलेली असावी आणि काढताना चोळू नये, पाण्याच्या धारेखाली वाहून जाऊ द्यावी.

काय करू नये

थोडक्यात सांगायचे तर वाळू, विटकरीची पूड, तुसाची राख, तारेची घासणी आणि सुरी ही एनॅमलच्या आसपास नकोत. ‘जळू दे, आपोआप सुटेल’ म्हणून रिकामे भांडे आंचेवर ठेवू नये. काच आणि लोखंड निरनिराळ्या प्रमाणात फुगतात आणि टवके उडतात. शौचालय धुण्याचे ॲसिड भांड्यात कधीही घालू नये. कपड्यांचे ब्लीच आणि कोणतेही आम्ल एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

आणखी एक गोष्ट. भांड्याच्या आतल्या बाजूचा टवका उडाला असेल तर त्यात रांधू नये. गंज एक वेळ परवडला, पण काचेची कपची अन्नात येऊ शकते. फार जुन्या भांड्यांबाबत थोडी अधिक सावधगिरी हवी. पूर्वी काही लाल-पिवळ्या रंगांत कॅडमियम असे आणि काही स्वस्त पांढऱ्या लेपांत अँटिमनी. १९२८ साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे एनॅमलच्या बादल्यांत केलेले लिंबाचे पेय पिऊन पुष्कळ लोक आजारी पडले, ते या अँटिमनीमुळे. आंबट पेयाने लेपातला धातू ओढून घेतला होता. पुढे पांढऱ्या लेपासाठी टायटॅनियमचे भस्म आले आणि हा धोका मागे पडला. पण चकाकी गेलेल्या, वय ठाऊक नसलेल्या भांड्यात लोणचे किंवा सरबत साठवू नये हे बरे. आम्ही आमच्या टोपात आता ताक ठेवणे बंद केले आहे, फक्त दूध तापवतो.

अलीकडे आपल्या भागातल्या फार्महाउसांच्या स्वयंपाकघरांत बिडाची जाडजूड, रंगीत एनॅमलची भांडी दिसतात. त्यांची किंमत ऐकून आजीने कपाळाला हात लावला. पण त्यांचे शास्त्र तेच आहे. उलट बीड जाड असल्याने ती फार वेळ गरम राहतात, म्हणून थंड होऊ देण्याचा संयम तिथे अधिक लागतो. कर्जतमधल्या बंगल्यांवर कामाला जाणाऱ्या आमच्या गावच्या बायकांना मी हे सांगितले आहे. महागड्या भांड्यावर ओरखडा उठला तर बोलणी त्यांनाच खावी लागतात, आणि बहुधा त्यांना तारेची घासणी हातात दिलेली असते.

असो. चौथ्या दिवशी सकाळी मी टोप नेहमीच्या फळीवर ठेवून दिला आणि अभ्यासाचे निमित्त करून माजघरात बसलो. आजी आली. टोप दिसताच थबकली. तो खाली घेतला, दाराच्या उजेडात तिरका धरला, बुडावरून आतल्या बाजूने बोट फिरवले. त्या फिकट सावलीवर तिचे बोट जरा थांबले. मग तिने विचारले, “कोणी घासला रे?”

“मी,” मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. टोपात दूध ओतले, गॅस पेटवला, आणि मला म्हणाली, “इथे बस. माझ्या लक्षात राहत नाही आताशा.”

तेव्हापासून सकाळची लोकल पकडण्याआधी दूध तापवायचे काम माझे आहे. आंच मंद ठेवतो, कालथा बुडावरून फिरवत राहतो. आजी पाटावर बसून मुंबईच्या खोलीतल्या गोष्टी सांगते. हे टोप कोणत्या पगारात घेतले, त्या दिवशी आजोबा काय म्हणाले, हे मला ठाऊक नव्हते. ते आता कळते आहे. दूध अजून एकदाही लागलेले नाही.